चार बोटांची जागा

भाद्रपदातलं ऊन अंगावर पडत नाही, टोचतं. दोन-अडीच महिने ढगांखाली राहिलेल्या कातडीला ते सोसवत नाही. सूसच्या आमच्या सोसायटीत या दिवसांत सगळे गॅलरीत गाद्या-उशा वाळत घालतात, भिंतींचा कुबट वास कमी होतो आणि खालच्या मोकळ्या प्लॉटवर गवत गुडघ्यापर्यंत येतं. पोपटी, रसरशीत, नुसता हात लागला तरी मोडेल इतकं कोवळं. लोक उभे राहून त्याचे फोटो काढतात. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर परवा लिफ्टमध्ये मला विचारलं, ‘किती सुंदर ना? तुम्ही गावाकडच्या, तुम्हाला तर सवयच असेल.’ मी हो म्हटलं. खरं म्हणजे भाद्रपदातलं गवत मला पाहवत नाही.

मी नर्स आहे. हिंजवडीच्या बाजूला लहान मुलांच्या एका दवाखान्यात लसी देते. थोडक्यात, माझं पोटच टोचण्यावर भरतं. इतक्या वर्षांत किती मांड्या आणि किती दंड टोचले असतील याचा हिशेब मी ठेवलेला नाही. बाळाची आई भिंतीकडं तोंड करते, बाप मोबाइल धरून उभा राहतो आणि आजी सोबत असेल तर ती हमखास म्हणते, ‘हळू टोच गं बाई.’ जणू जोरात टोचण्यात मला काही मिळणार असतं. सुई आत गेलेली असते आणि बाळ अजून रडलेलं नसतं, असा एक अर्धा क्षण मध्ये असतो. त्या वेळी ते माझ्याकडं नुसतं बघत असतं. काहीतरी झालंय हे त्याला कळलेलं असतं, पण कुणी केलं ते कळलेलं नसतं. मग ते ओठ काढतं आणि दवाखाना डोक्यावर घेतं. रडण्याची मला सवय झाली आहे. त्या आधीच्या बघण्याची अजून झालेली नाही.

माझे कान पौडच्या सोनारानं टोचले. माझं डोकं आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन्ही तळव्यांत धरलं होतं आणि टोचायच्या आधीपासूनच ते ‘झालं, झालं, झालं’ म्हणत होते. त्या हातांना लोकरीचा वास असायचा. पायात बाभळीचा काटा मोडला की तोही तेच काढत, तोंडानं काहीतरी भलतीच गोष्ट सांगत सांगत. आपण टोचतोय हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, ही त्यांची रीत होती. माणसाच्या बाबतीतही आणि मेंढराच्या बाबतीतही.

आमचं घर कासारसाईचं, धरणाच्या वरच्या अंगाला, माळाच्या कडेला. चाळीसेक मेंढरं होती, थोडं भातखाचर होतं आणि उरलेले दिवस कुणाच्या बांधकामावर नाहीतर शेतावर मजुरी. पण भाद्रपद लागला की आसपासच्या चार गावांत आण्णांना फार मान असायचा. दवानं भिजलेलं कोवळं गवत मेंढीनं अधाशासारखं खाल्लं की तिच्या पोटात हवा धरते. डावी कूस फुगून ताठ होते, श्वास कोंडतो आणि तास-दोन तासांत जनावर पाय ताणून मरतं. डॉक्टरला निरोप जाऊन तो येईपर्यंत सगळं आटोपलेलं असे. म्हणून लोक आण्णांना न्यायला येत. कासार आंबोलीहूनसुद्धा माणूस सायकल हाणत येई आणि अंगणातूनच ओरडे, ‘आण्णा, चला लवकर, मेंढी भरलीया!’

आण्णा आढ्याला खोचलेलं पोती शिवायचं दाभण काढत, दिव्यावर तापवून पुसून घेत आणि निघत. शेवटच्या बरगडीमागं चार बोटं, पाठीच्या कण्याखाली चार बोटं, तिथं टोचायचं. टोक पलीकडच्या पुढच्या पायाच्या कोपराकडं. मग दाभण जरा फिरवलं की कडेनं हवा सुटायची, सायकलचा व्हॉल्व्ह दाबल्यावर सुटते तशी. मेंढी थरथरत उभी राही, शेपूट हलवी आणि थोड्या वेळानं रवंथ करायला लागे. आण्णा गुळाचा चहा पिऊन परत येत. याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

पण मेंढीला हात लावायच्या आधी ते एक प्रश्न विचारत आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दाभण खिशातून काढत नसत. ‘काय खाल्लं हिनं?’ गवत म्हटलं तर दाभण. भात, पीठ, शिळ्या भाकरी, लग्नघरचं उरलंसुरलं असलं काही असेल तर दाभण नाही. मी लहान असताना त्यांनी मला हे समजावून सांगितलं होतं. ‘धान्यानं फुगल्याल्या पोटात हवा नसती, संगे. आंबवन असतं. टोचलं का त्ये आतल्या आत सांडतं आन् जनावर मरतंच. तितं त्याल पाजायचं, सोडा पाजायचा, चालवत ऱ्हायाचं.’ पुढं नर्सिंगच्या पुस्तकांत पोटाच्या पडद्याला होणाऱ्या जंतुसंसर्गाबद्दल वाचलं, तेव्हा मला त्यातलं काहीच नवीन वाटलं नाही.

मी अकरावीत होते त्या वर्षी आण्णांचे हात थरथरायला लागले होते. आधी चहाची बशी वाजायची, मग विडी पेटवताना तीन तीन काड्या जायच्या. दाभण त्यांनी माझ्या हातात दिलं. जागा ते दाखवत, टोचत मी असे. दोन-तीन मेंढ्या मी वाचवल्या आणि आण्णा माझ्या चुलत्याला, तात्यांना, सांगत सुटले, ‘पोरीचा हात लई हलका हाय.’ तात्या आण्णांपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. आजोबा लवकर गेल्यामुळं आण्णांनीच त्यांना वाढवलं होतं. दोघांची घरं शेजारी, मेंढरांची वाडगी शेजारी आणि जेवणं बहुतेक वेळा एकाच ओट्यावर.

त्याच सुमारास धरणाच्या काठानं बंगले उठायला लागले होते. शनिवार-रविवारी गाड्या यायच्या, एरवी कुत्री भुंकायची. एकदा आमच्या दोन मेंढ्यांनी एका बंगल्याच्या कुंपणात तोंड घालून शोभेची झाडं खाल्ली. मालक बाहेर आले. शिव्या दिल्या असत्या तर आण्णांनी त्याही परत केल्या असत्या. पण ते अगदी शांतपणे म्हणाले, ‘तुमच्या या सगळ्या कळपापेक्षा माझं हे एक झाड महाग आहे. तुम्हाला ते कळणार नाही, म्हणून रागवत नाही.’ आण्णा मेंढरं हाकत घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, ‘त्या कुंपनाकडं पुन्यांदा मेंढरं घालायची न्हाईत. तू बी जायाचं न्हाई. मेलं तरी न्हाई.’

आणि मी गेले. गणपतीचे दिवस होते, कॉलेजला सुट्टी होती आणि मेंढरं माझ्याकडं होती. बंगल्यात आदल्या दिवशी मोठी पूजा आणि जेवणावळ झाली होती. मालक मंडळी परत गेली होती. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशींनी मागच्या दारातून मला हाक मारली, कागदावर चार जिलब्या दिल्या आणि पायरीवर बसवून घेतलं. त्यांची भाची पुण्यात नर्स होती. पांढरा गणवेश, राहायला हॉस्टेल, स्वतःचा पगार, रविवारी सुट्टी. मावशी सांगत होत्या आणि मी हात चिकट होईपर्यंत जिलब्या खात ऐकत होते. आपण नर्स व्हायचं, हे मी त्या पायरीवर बसून ठरवलं. तेवढ्या वेळात बंगल्याच्या मागं टाकलेल्या उरल्यासुरल्या भाताच्या आणि पुऱ्यांच्या ढिगावर आमची मेंढरं चढली होती. मला दिसली तेव्हा ढीग जवळपास संपला होता. मी दगड मारून त्यांना हाकललं, तळ्यावर नेऊन पाणी पाजलं आणि बरीचशी तर गवतच चरत होती, अशी स्वतःची समजूत घातली. धान्य खाल्ल्यावर पाणी पाजलं की ते पोटात आणखी फुगतं, तेही मला ठाऊक होतं.

दिवेलागणीला पहिली मेंढी बसली. मग दुसरी. दात खात होत्या, रवंथ बंद. डाव्या कुशी भरलेल्या. आण्णा वाडग्यात आले, एका कुशीवर थाप मारून त्यांनी कान लावला आणि विचारलं, ‘काय खाल्लं?’

‘गवत,’ मी म्हटलं.

‘कुटलं?’

‘धरनाकडचं. वल्लं व्हतं.’

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्यावर शंका घ्यायचं त्यांना काही कारणच नव्हतं. त्यांनी बांडी नावाच्या मेंढीचं डोकं गुडघ्यांत धरलं, थरथरत्या हातानं तिच्या कुशीवर चार बोटं मोजली आणि माझं बोट त्या जागेवर टेकवलं. ‘हितं. भ्यायचं न्हाई. येकदम.’ मी टोचलं. दाभण फिरवलं. हवा आली नाही. दाभणाच्या कडेनं फेसाळ, आंबूस वासाचं पाणी ओघळलं आणि माझ्या बोटांवर आलं. त्याला भाताचा वास होता. आजूबाजूची मेंढरं ओरडत होती, आण्णा डोक्याकडं होते, त्यांना काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

‘आली हवा?’ त्यांनी विचारलं.

‘आली.’

‘दुसरी धर.’

नऊ मेंढ्या टोचल्या. नऊ वेळा त्यांनी विचारलं आणि नऊ वेळा मी ‘आली’ म्हटलं. पहिल्या वेळी भीती होती. ती कुंपणाची, जिलब्यांची, आण्णांच्या उपाशी रात्रीची भीती. दुसऱ्या वेळेपासून ती राहिली नाही. पहिल्या ‘आली’ला खोटं पडू द्यायचं नाही, एवढंच उरलं. त्या वेळी एक शब्द बोलले असते तर आठ तरी मेंढ्यांच्या पोटाला भोक पडलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊच्या नऊ मेल्या. ढिगावर चढलेल्या आणखी दोन होत्या, त्या उशिरा बसल्या म्हणून टोचायच्या राहून गेल्या. चार दिवस मलूल होत्या आणि मग उठून चरायला लागल्या. भातानं किती मेल्या असत्या आणि माझ्या हातानं किती मेल्या, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दोघी जगल्या, एवढं मात्र खरं.

मेलेल्या मेंढ्या पुरायला काढलेल्या खड्ड्याच्या कडेला बसून आण्णांनी बराच वेळ स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. मग आईला म्हणाले, ‘पोरीची चूक न्हाई. हात तिचा बराबर हाय. जागा मी चुकलो. बोटं हालत्यात माजी, चार म्हनून कुटं टेकली कुनास ठावं.’ गावात जो विचारील त्याला ते हेच सांगत राहिले. लोक हळहळले. कुणी मला काही बोललं नाही, उलट बिचारीनं एवढ्याशा वयात काय पाहिलं, असंच म्हणाले. आण्णांनी दिवाळीआधी उरलेली मेंढरं विकली आणि सूसला नव्यानं होणाऱ्या एका इमारतीवर वॉचमन म्हणून लागले. दाभण परत आढ्याला खोचलेलं मी पाहिलं नाही.

मनाला टोचणी लागते, असं आपण म्हणतो. वाचणाऱ्याला वाटावं, की ती रात्रंदिवस लागून राहत असेल. तसं नसतं, निदान माझं तरी तसं नव्हतं. महिनेच्या महिने मला काही आठवत नसे. मी हसत होते, परीक्षा देत होते, नर्सिंगला प्रवेश मिळाल्यावर पेढे वाटले. पण हॉस्टेलच्या जेवणघरात सकाळी शिळ्या भाताचं पातेलं उघडलं की बोटांवर काहीतरी ओघळल्यासारखं व्हायचं. अजूनही घरातला उरलेला भात मी उघड्यावर टाकत नाही, पिशवीत गाठ मारून देते. घरात सगळ्यांना वाटतं, दवाखान्यातली नोकरी आहे म्हणून ही इतकी टापटीप.

नऊ मेंढ्या गेल्या त्याच्या पुढच्या भाद्रपदात मी बारावीत होते आणि गणपतीसाठी आण्णाही कामावरून घरी आले होते. सकाळी सकाळी तात्या धावत अंगणात आले. पायात चप्पल नव्हती. रात्रभर दव पडलं होतं, पहाटे मेंढरं कुरणात शिरली होती आणि सहा-सात फुगली होती. खरंखुरं ओल्या गवताचं फुगणं, आण्णांनी आयुष्यभर बरं केलेलं. ‘दादा, चल,’ तात्या म्हणाले. आण्णा ओट्यावर बसून होते. त्यांनी मान हलवली. ‘माजी जागा चुकती आता. म्या न्हाई येनार. डागदरला बलाव.’

‘डागदर येस्तवर ऱ्हात्यात व्हय त्या? तुज्या भावाच्या मेंढ्या हायेत रं.’

‘म्हनूनच येत न्हाई,’ आण्णा म्हणाले.

मी बादली घेऊन दारात उभी होते. मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. सांगता आलं असतं, की आण्णा, तुमची जागा चुकली नव्हती. किंवा काही न सांगता नुसतं तात्यांच्या मागं जाता आलं असतं, जागा मला पाठ होती. मी बादली भरायला गेले. तात्यांनी घरी जाऊन स्वतःच सुरीनं काहीतरी प्रयत्न केला. एक वाचली, बाकीच्या गेल्या. संध्याकाळी ते रस्त्यावरूनच ओरडले, अंगणात आले नाहीत. ‘परक्या गावाला सायकलीच्या मागं बसून धावलास, दादा. भावाच्या दारात यायला तुजं पाय मोडलं व्हय?’ 

त्या दिवसापासून दोन्ही घरांचे ओटे वेगळे झाले. भांडण असं झालंच नाही, त्यामुळं मिटवायलाही काही नव्हतं. माझ्या लग्नात तात्यांच्या घरून एकट्या काकी आल्या, अक्षता टाकून जेवायच्या आधी परत गेल्या. तात्या आलेच नाहीत. त्यांच्या मुलाच्या हळदीला आण्णा बाहेर रस्त्यावर थांबले आणि आईच आत जाऊन आली. आई गेली तेव्हा तात्या स्मशानात आले, लांब उभे राहिले आणि चिता पेटताच निघून गेले. मी प्रत्येक वेळी ठरवत असे, की आता सांगायचं. मग वाटायचं, इतक्या वर्षांनी जखम कशाला उकरायची. जखम दुसऱ्यांची असली की असं म्हणायला सोपं जातं.

आता आण्णा माझ्याकडं सूसला असतात. जिथं वॉचमन होते त्याच बाजूला आमची इमारत आहे, याचं त्यांना ना कौतुक ना वाईट. साखरेचा आजार आहे. हातांची थरथर इतकी वाढली आहे, की घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा सांडतो. रोज सकाळी मी त्यांच्या पोटाची कातडी चिमटीत धरून इन्सुलिन टोचते. रोज ते म्हणतात, ‘कळलं बी न्हाई.’ त्यांचं पोट आता फार मऊ झालं आहे. ते म्हणतात तेव्हा मी सुईला टोपण लावत असते.

तात्या या वर्षी आषाढात गेले. काही दिवस दवाखान्यात, काही दिवस घरी, असं चाललं होतं, ते आम्हाला इकडून तिकडून कळत होतं. आम्हाला बोलावणं आलं नाही. आण्णा मयतीला गेले, मागं उभे राहिले. दहाव्याला गेले आणि न जेवता परत आले. माझ्या मनात आलं, की चला, आता सांगायचा प्रश्नच मिटला. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मला थोडं हलकंच वाटलं होतं.

मग हा भाद्रपद आला. गेल्या आठवड्यात खालच्या प्लॉटवर एक धनगर नवराबायको मेंढरं घेऊन उतरले होते. सकाळी आण्णा गॅलरीची जाळी धरून उभे होते. मी इन्सुलिन घेऊन गेले तर म्हणाले, ‘ती काळ्या तोंडाची बघ. डाव्या अंगानं भरलीया.’ खाली ती बाई मेंढीभोवती फिरत होती, नवरा फोन लावत होता.

‘चला खाली,’ मी म्हटलं.

‘न्हाई. माजी जागा चुकती.’ तेच शब्द, तोच आवाज. इतक्या वर्षांत त्यातलं एक अक्षरही झिजलं नव्हतं.

मी एकटी खाली गेले. आधी विचारलं, ‘काय खाल्लं हिनं?’ बाई म्हणाली, ‘ह्येच की हितलं, वल्लं गवत. दुसरं काय मिळतंय हितं.’ तिच्याकडं घोंगडी शिवायचं दाभण होतं. मी ते स्पिरिटनं पुसलं, बरगडीमागं चार बोटं, कण्याखाली चार बोटं मोजली आणि टोचलं. हवा सुटली. इतक्या जोरात सुटली, की ती बाई दोन पावलं मागं सरली. मेंढी उभी राहिली. बाईनं माझे हात धरले, कुटं शिकलासा म्हणून विचारलं. मी वर पाहिलं. आण्णा जाळीला तोंड लावून बघत होते.

वर आले तेव्हा ते खुर्चीत बसले होते. ‘कितीवर टोचलंस?’

‘चारवर.’

‘चारवरच?’

‘हो आण्णा. तुम्ही दाखवायचात तिथंच.’

ते स्वतःच्या बोटांकडं बघायला लागले, त्या दिवशी खड्ड्याच्या कडेला बघत होते तसे. मग मला ते सहन झालं नाही. मी खाली फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. जिलब्या, पायरी, भाताचा ढीग, तळ्याचं पाणी, बोटांवर आलेला फेस, नऊ वेळा म्हटलेलं ‘आली’.  ते रडतील असं मला वाटलं होतं. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवतील असंही वाटलं होतं, हे कबूल करते. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही.

‘आन् ह्ये तू तात्या गेल्यावर सांगतीस?’ ते म्हणाले.

त्यांनी त्या दिवशी सुई टोचू दिली नाही. उठून सदरा घातला, टोपी घातली, जिना उतरून स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले. कुठं जायचं ते मला विचारावं लागलं नाही.  वाटभर त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो पडू नये म्हणून धरलेला, एवढंच.

काकी अंगणात घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. आण्णांना पाहून त्या उठायला लागल्या. आण्णा म्हणाले, ‘बस. पोरीला सांगायचं हाय, त्ये ऐक.’ मग मी उभ्यानंच पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड होतं, कारण या वेळी समोर काकी होत्या आणि आण्णा तेच सगळं पुन्हा ऐकत होते. सांगून झाल्यावर काकी शेंगा मोडत राहिल्या. त्या मला शिव्या देतील, निघून जा म्हणतील, अशी माझी तयारी होती. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. पदर सावरून आण्णांना म्हणाल्या, ‘शेवटल्या दोन दिसांत त्येंच्या तोंडात येकच व्हतं, भावजी. दादाला बलवा, दादाला बलवा. पोरगं गाडी काढून निघालं बी व्हतं. म्याच आडवी झाले. म्हनलं, मेंढरं मरताना आला न्हाई, आता कशाला येतोय.’

आण्णा ओट्याच्या कडेला टेकले. ‘म्या कापडं घालून बसलो व्हतो गं,’ ते म्हणाले. ‘दोनी दीस. दारापाशी, खुर्चीवर. बलावनं आलं तर उशीर नगं म्हून.’

मला ते दोन दिवस आठवले. कुठं निघालात, असं मी त्यांना विचारलंही होतं, आणि कुठं नाही म्हटल्यावर माझ्या कामाला निघून गेले होते. काकींनी सूप बाजूला सारलं आणि तोंडाला पदर लावला. आण्णा मान खाली घालून बसले होते. सूसहून कासारसाईला स्कूटरवर पाऊण तास लागतो.